रडण्याची ऑडिशन

आमचे हे गेले त्या दिवशी घरात सगळ्यात चांगलं कोण रडलं असेल, तर आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी. मी नाही, आमची लेक नाही, आणि ह्यांची बहीण तर नाहीच. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला रडायला डॉक्टरांनीच बंदी केली होती आणि ती प्रत्येकाला ते सांगत होती.

वरची मुलगी जिना उतरून आली, उंबऱ्याशी बसली आणि तिने हेल काढला. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत असं कुणी रडत नाही. इथे बायका तोंडाला रुमाल लावतात, नाक ओढतात आणि हळूच म्हणतात, "सुटले हो, हाल झाले नाहीत." ही उंब्रजची. लहानपणी आजीचं बोट धरून गावातल्या प्रत्येक मयताला जाऊन आलेली. तिने ह्यांना "माज्या आजोबा" अशी हाक मारली आणि ते तिच्यासाठी काय काय करत, ते एकेक करून सुरात सांगायला लागली. आता गाडीत हवा हाय का कोण बघंल, पाण्याची मोटार कोण लावंल, जिन्यातला दिवा कोण लावून ठेवंल. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वर चढायचा आणि तुटायचा. गल्ली रडली. समोरचे निवृत्त मास्तर, ज्यांचं ह्यांच्याशी गाडी लावण्याच्या जागेवरून बोलणं बंद होतं, तेही कंपाउंडच्या भिंतीला टेकून रडले.

माझ्या डोळ्यांत काही आलं नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता: हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातोय.

लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

शेवटच्या रांगेचा विचार करायची खोड जुनी. तरुणपणी मी सांगलीत हौशी नाटकांतून कामं करायचे. त्या वेळची मी आज दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, इतकी ती आगाऊ होती. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, आणि तिथेही साधं "हॅलो" म्हणायची नाही. असा काही घोगरा, भरून आलेला सूर लावायची की ट्रंककॉलवाली माणसं घाबरून विचारायची, "बाई, कुणी गेलं काय?" एका प्रयोगात मी इतक्या जोरात रडले की प्रेक्षकांतलं एक तान्हं मूल किंचाळून रडायला लागलं. त्या मुलाला मी पुढे कित्येक वर्षं सांगलीतला सर्वात जाणकार रसिक मानत होते.

आणि संधी आली नव्हती असंही नाही. एका फिरत्या नाटक कंपनीचे मॅनेजर घरी आले होते. मोलकरणीची भूमिका होती. मी म्हटलं, "मी ट्रेमधून चहा आणत नाही." ते गरीब बिचारे म्हणाले, "बाई, तिसऱ्या अंकात तुम्हाला एक वाक्यसुद्धा आहे." मी मान वेळावून म्हटलं, "मी एका वाक्यात मावत नाही." मॅनेजर चहा पिऊन गेले. तो चहा मात्र मीच आणला होता, ट्रेमधूनच. मग मी मोठ्या भूमिकेची वाट बघत बसले. ती आली ती थेट लग्नाच्या मांडवातून: सुनेची. हा प्रयोग बरीच वर्षं चालला.

तर, ह्यांचं तेरावं झालं आणि माणसं यायची थांबली. लेक पुण्याला परत गेली. मला काही होत नव्हतं. लोक विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि मी खरंच आत डोकावून बघायचे, तर आत कुणी नाही. बंद ऑफिसात फोन वाजत राहावा तसं. जेवण व्हायचं, झोप लागायची, पेपर वाचून व्हायचा. लेक फोनवर म्हणाली, "आई, मन कशाततरी गुंतव." मी म्हटलं, बरं. वर गेले आणि त्या मुलीला विचारलं, "तुला टीव्हीत काम करायचंय का गं?"

ती बादलीत कपडे बुडवत होती. म्हणाली, "आवं आजी, तेच तर करतीया दोन वर्सं. कोन घेतच न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. कॉलेज नावाला. मोबाइलवर स्वतःचे छोटे व्हिडिओ करून टाकायचे, आणि ऑडिशनच्या ग्रुपवर जे काही येईल तिथे स्वतःचं शूटिंग करून पाठवायचं. याला सेल्फ टेस्ट म्हणतात. आधी नाव, वय, उंची सांगायची, मग डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, दोन्ही हात उलटसुलट दाखवायचे. मी म्हटलं, "हात कशाला?" ती म्हणाली, "कुनास ठावं. बोटं मोजत्यात वाटतं." पाठवल्यावर उत्तर येत नाही. आलंच तर विचारतात, फॉलोअर किती. आमच्या वेळी नकार द्यायला निदान माणूस घरी यायचा.

घरी उंब्रजला ऊस, थोरला भाऊ फौजेत. वडिलांनी भावाच्याच पलटणीतला एक मुलगा बघून ठेवला होता. मुलात खोट काही नव्हती. पण ऊस तुटून गेला, कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, की सुपारी फोडायची असं ठरलं होतं. वडील तिला म्हणाले होते, "तोवर टीवीवर तोंड दिसलं तर मी गप. न्हाई दिसलं तर तू गप." आणि त्या वर्षी ऊस कमी होता. पट्टा लवकर पडणार असं सगळे म्हणत होते.

मी तिची शिकवणी सुरू केली. दिवाणखान्यात डाळीच्या डब्यांवर फोन उभा करायचा, मागे माझी चांगली चादर. मी एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरसारखी खुर्चीत. तिला म्हटलं, तुझ्याकडे जे आहे तेच पाठवायचं, तो हेल. तिला पटेना. "आजी, माणूस मेल्याबिगर हेल कसा काडायचा? समोर कोनतरी पायजे." म्हणून मी सोफ्यावर आडवी झाले, हात पोटावर घेतले आणि म्हटलं, "घे. काढ."

तिने काढला. मी डोळे मिटून ऐकत होते. माझ्याबद्दल ती बरंच चांगलं बोलली. भाडं वेळेवर मागत न्हाई, घरची आमटी वर पाठवती, असं सगळं. मला वाटलं, ऐकायला काही वाईट नाही हे.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. उघडलं तर अर्धी गल्ली. समोरचे मास्तर टोपी काढून हातात घेतलेले, त्यांच्या मागे शेजारीण, पदर डोक्यावर आणि हातात आधीच दुधाचं पातेलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे बघितलं. मग मलाच विचारलं, "कधी गेल्या?"

मी म्हटलं, "अजून आहे. पण आलाच आहात तर दूध ठेवून जा."

मास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलीला हसून हसून ठसका लागला. मीही हसले बहुतेक. तिने सांगितलं की हसलात.

तो व्हिडिओ कुठल्याच ग्रुपवर चालला नाही. मग मला आमचा रंगभूषाकार आठवला. आमच्या नाटकांत मला म्हातारी करायचा, आता त्याची गरज उरलेली नाही. नाटकं कमी झाल्यावर तो साताऱ्याला गेला. तिकडे हल्ली मालिकांची शूटिंगं चालतात. लोकांचे बंगले, शेतं, विहिरी भाड्याने घेतात. हा तिथे मेकअपही करतो आणि गर्दीची माणसंही पुरवतो, वरातीला इतकी, मयताला इतकी. फोन केला तर म्हणाला, "बाई, तुम्ही अजून जोरात बोलता. ऐका, एका मालिकेत धाकटी सून हवी आहे. थोड्या दिवसांत नवरा जातो तिचा. गावाकडची, खरी बोलणारी हवी म्हणतात. या घेऊन. पण कास्टिंगवाल्यासमोर तुम्ही काही शिकवू नका."

एसटीने निघालो. कराड मागे पडलं तशी तिने ओढणी डोक्यावरून तोंडाला गुंडाळली. उंब्रजच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती सीटखाली काहीतरी शोधायला वाकली आणि गाडी सुटेपर्यंत तशीच राहिली. "आप्पा स्टँडवर चा प्यायला असत्यात," ती खालूनच वडिलांबद्दल म्हणाली. मी खिडकीतून बघितलं. टोपीवाले पुष्कळ होते, सगळेच चहा पीत होते.

साताऱ्याबाहेरचा एक बंगला होता. पुढे तुळस, मागे गोठा. घरची माणसं वरच्या मजल्यावर राहायची आणि खालचा मजला मालिकेला दिलेला. कास्टिंगवाला तिशीचा, दाढी राखलेला, सभ्य माणूस. मलाही खुर्ची दिली. तिला म्हणाला, "सीन सोपा आहे. तू घरातलं काम करतेयस. दीर येऊन सांगतो की नवरा गेला. रिअ‍ॅक्ट कर."

तिने विचारलं, "गेलेला मानूस काय करायचा सर? शेती का नोकरी? माज्याशी कसा वागायचा?"

"ते स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"मग मी काय म्हनून रडू?"

"नुसतं रड ना."

नुसतं रडणं तिला माहीतच नव्हतं. उंब्रजला नुसतं कुणी रडत नाही, गेलेल्याचा हिशेब सुरात मांडावा लागतो. तिने तिथल्या तिथे एक नवरा तयार केला. ट्रॅक्टर चालवणारा, बाजारातून येताना पिशवीत लपवून भजी आणणारा. आणि त्याच्यासाठी जो हेल काढला, की लाइटवाल्याने हातातलं स्टँड खाली ठेवलं आणि आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन उतरवले. माझा रंगभूषाकार ब्रश घेऊन दारात उभा होता, तो भिंतीकडे वळला.

मी खुर्चीत बसून म्हटलं, झालं काम.

जिन्यावर धपधप पावलं वाजली. घरमालकीण खाली आली, हातात लाटणं. "कोन हेल काडतंय गं माज्या घरात? भरल्या घरात? माजी सून पोटुशी हाय वर! नाटक असंल न्हाईतर काय असंल, जा तिकडं गोठ्याम्होरं जाऊन रडा!" कास्टिंगवाल्याला काही कळेना. तो मुंबईकडचा. "आंटी, अ‍ॅक्टिंग आहे," म्हणाला. ती म्हणाली, "यमाला काय ठावं अ‍ॅक्टिंग हाय ते?"

हे मला सुचायला हवं होतं. माझ्या घरात सोफ्यावर निजून मी हेल काढून घेतला, कारण माझ्या घरातून जायचं ते गेलेलं होतं. दुसऱ्याचं घर भरलेलं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलीच्या आलं असेल, पण ती संधीपुढे गप्प बसली. तिने जाऊन बाईंच्या पायाला हात लावला. बाईंनी मीठ आणून दारात ओवाळून टाकलं आणि वर गेल्या.

कास्टिंगवाला तिला बाजूला घेऊन म्हणाला, "छान होतं. खरंच. पण आपल्याला एवढं नाही लागत. कॅमेरा इथे आहे, तुझ्या नाकासमोर. सगळं मोठं दिसतं. आणि बघणारे जेवत असतात गं त्या वेळी. आवाज नको. आम्ही कळवतो."

"कळवतो" म्हणजे काय, ते तिला मोठ्या अनुभवाने माहीत होतं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "सर, अजून एकदा करू द्या. आवाज न्हाई काडत."

तिने माझ्याकडे बघितलं. मला काही सुचवायला येत नव्हतं. आवाज न काढता रडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

तिने दोरीवरचे वाळलेले कपडे मागून घेतले. खाली बसली आणि घड्या घालायला लागली. दिराचं काम करणाऱ्याने येऊन सांगितलं, "वहिनी, दादा गेला." तिने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी घालायला लागली. एक टॉवेल झाला. मग एक सदरा हातात आला. तो तिने मांडीवर पसरला, हाताने सपाट केला, कॉलरचं वरचं बटण लावलं, बाह्या मागे घेतल्या. घडी करून कुठे ठेवावी ते तिला कळेना. एकदा इकडे ठेवली, एकदा तिकडे. मग दिराला म्हणाली, "ह्यो इस्त्रीला द्यायचा न्हाई. घरात घालायचा हाय."

कास्टिंगवाल्याने जरा वेळाने "कट" म्हटलं, तेही हळू. मग विचारलं, "हे कुठून आणलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होते.

ह्यांच्या खोलीतून डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि ही जिन्यात उभी होती, एवढं मला आठवत होतं. बाकीचं नाही. कास्टिंगवाल्याने ते पडद्यावर पुन्हा लावून दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून बघितलं. मला वाटलं, सदरा सपाट करताना मी हात जरा जास्तच फिरवलाय. म्हणजे तिने.

परत येतानाही तीच वाट. उंब्रजला तिने तोंड झाकलं नाही, ते तिच्या लक्षातही आलं नसेल. कराड आल्यावर म्हणाली, "आजी, राग आला व्हय?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

मी पुन्हा आत डोकावून बघितलं. "कॉलरचं बटण लावलं होतं का गं मी?"

"व्हय."

"मला आठवत नाही."

तिने माझा हात धरला. हात गरम होता, एवढं कळलं.

तिला घेतलं. मग नेहमीचा गोंधळ. मालिकेची वेळ बदलली, मध्ये बंद पडणार अशी बातमी आली, धाकट्या सुनेची गोष्टच कापणार असंही कुणीतरी म्हणालं. इकडे कारखान्याच्या बातम्या मी पेपरात सिनेमाच्या जाहिरातीसारख्या शोधून वाचायचे. एका कारखान्याचा पट्टा पडला, दुसऱ्याचा पडला. त्यांचा कारखाना अजून चालू होता, आणि एका संध्याकाळी ती टीव्हीवर आली. माझ्या दिवाणखान्यात गल्ली जमली होती. शेजारणीने मला चिमटा काढला, "हिने रडायला नको का गं थोडं?" मास्तर चष्मा काढून बसले होते. ते म्हणाले, "गप्प बसा हो जरा."

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज वैतागलेला. "आवं आजी, समदं गाव मला इचारतंय, तुज्या लेकीला रडायला शिकिवलं न्हाई का म्हनून. मानूस मेला आन ती इस्त्रीचं काडतीया! आमच्या घरात असं कुनी बसलं न्हाई कवा."

मी म्हटलं, "तोंड दिसलं ना पण?"

"दिसलं," म्हणाले. "ते दिसलं."

पुढच्या रविवारी ते स्वतः तिचं सामान न्यायला आले. टेम्पो आणलेला. ती शूटिंगवर होती, येणार नव्हती. उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. मी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. सामान कुठे न्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटायला हवी होती. त्यांनी वरून गादी आणली, ट्रंक आणली, बादली आणली. दोर बांधता बांधता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "पोरगी म्हंती, ते टीवीवर केलं ते तुमचं हाय. खरं का?"

"हो."

"मंजी तुमी रडला न्हाईसा?"

"अजून नाही."

त्यांनी गाठ मारली, सुटतीय का ते ओढून बघितलं. "माजी आई गेली तवा मलाबी न्हाई आलं," म्हणाले. "बाप्यांचं चालतंय. कोन बघतंय." मग गादीचा कोपरा आत ढकलला. "ऱ्हाऊद्या. येईल कवातरी."

टेम्पोवाल्याने गाडी चालू केली आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "मामा, उंब्रजलाच उतरायचं न्हवं?"

"न्हाई रं," ते म्हणाले. "म्होरं. साताऱ्याला. तितं खोली घेतलीया तिनं."

ते पुढे बसले. मी म्हटलं, "आणि तो फौजी मुलगा?"

"त्याला सांगितलंय," ते म्हणाले, "दुसरी बग म्हनून. तो बी टीवी बगतोय आता तिकडं, बॉर्डरवर." टेम्पो हलला. थोडा पुढे जाऊन थांबला, आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या वरच्या खोलीची किल्ली दिली.